दादाची पाऊण

पाऊण म्हणजे पाऊण. त्यात लहान पाऊण आणि मोठी पाऊण असा भेद कोण मेला करतो? कॉम्प्युटरची रस्ट नावाची नवी भाषा करते.

दादाला जाऊन वर्ष व्हायचंय. श्रीवर्धनच्या होडीवाल्यांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम त्याने सी भाषेत लिहिला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. दादाने तिथूनच सुरुवात केली, मग खाडीखाडीचा फरक त्यात घातला. त्या आकड्याचं नावही त्याने फाईलीत 'पाऊण' असंच ठेवलं. आता मच्छीमार सोसायटीला त्या वेळा मोबाईलवर हव्यात, आणि ते ॲप रस्टमध्ये आहे. दादाचं जमत नसेल तर बाहेरून विकत घेऊ, असं त्यांनी मला सरळ सांगितलं. त्यांचंही काही चुकलं नाही, पण माझा जीव तुटला.

दोन भाषांच्या मधला जोडकोड जनरेटर नावाचा एक प्रोग्रॅम लिहून देतो. देतो कसला, डोक्याला ताप! प्रत्येक कॉन्स्टंटचा, म्हणजे फाईलीतल्या ठरीव आकड्याचा, टाइप तो आपल्याच मनाने ठरवतो. साधा आकडा दिसला की हा ऋण होणारच नाही असं धरून चालतो, पाऊण दिसली की तिला जास्त जागा घेणाऱ्या मोठ्या दशांशात बसवतो. दादाच्या फंक्शनला हवा असतो लहान. सी बिचारी भोळी, चालवून घ्यायची. रस्ट कजाग, दारातच अडवते. मी जोडकोडात हाताने टाइप बदलायचे, आणि जनरेटर पुन्हा चालवला की सगळं पुसलं जायचं. ये रे माझ्या मागल्या!

दादाच्याच फाईलीत टाइप लिहून टाकले असते तर काम चुटकीसरशी झालं असतं. पण त्याचं एक अक्षरही हलवायला माझा हात धजेना. मग रोज ती फाईल उघडून बसायचे. कुठला आकडा कुठल्या फंक्शनला जातो, ते शोधायचे. "हे असं का रे केलंस?" म्हणून त्याच्याशी भांडायचेसुद्धा. शेवटी कुठल्या कॉन्स्टंटचा टाइप कुठला, ते बाहेरून जनरेटरलाच बजावलं.

परवा एकही चूक न येता चाललं. संध्याकाळची भरती बरोबर वेळेला आली, आणि सोसायटीवाले म्हणाले, हेच ठेवू. मी फाईल बंद केली आणि मला रडूच फुटलं.

आई ओटीवर सुपारी सोलत बसली होती. "चालतंय न्हाय आता? मग रडतेस कशाला गं?"

"आई, आता ती फाईल उघडायला काही निमित्तच उरलं नाही गं."