फटफटीच्या टाकीतले टोरीचे तेल

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्या आहेत, पण ही एक माझ्या नाकात बसली आहे. दरेकशाच्या जंगलात एका नाल्याच्या काठी मी फटफटीच्या टाकीचे झाकण उघडले, नाक खाली नेले, आणि जो वास आला त्याने माझा सगळा तपास उलटापालटा केला. आजही कुणाच्या घरी टोरीचे तेल कढत असले की मी ओसरीवरच थांबतो आणि अंगात तीच तरतरी येते. घरची माणसे हसतात. हसू देत.

युद्धाची वर्षे होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि मी तिथे ठाणेदार होतो. मला एकच व्यसन होते, फटफटी. परत विलायतेला निघालेल्या एका जंगल अधिकाऱ्याकडून मी ती घेतली होती. शेजारी बसायची डोलची जोडलेली आणि टाकीला दोन झाकणे, मोठे पेट्रोलचे आणि लहान तेलाचे. त्या काळच्या जुन्या यंत्रांना तेल आपोआप जात नसे. टाकीवरच्या दांड्याने हाताने पंप मारून ते इंजिनात ढकलावे लागे. कमी पडले तर इंजिन जळणार, जास्त झाले तर प्लग काळा होणार. सुरू करणे म्हणजे तर पूजाच. नळ उघडा, कार्ब्युरेटरची टाचणी पेट्रोल टपकेपर्यंत दाबा, ठिणगीचा दांडा मागे घ्या, तेलाचे दोन पंप मारा, मग लाथ. एक गोष्ट चुकली की लाथेचा दांडा उलटा बसून पाय सुजलाच म्हणून समजा. आपल्याला हे जमते याचा मला फार गर्व होता, आणि या प्रकरणात मी तोंडघशी पडलो तो त्याच गर्वामुळे.

गोंदियालगतच्या फुलचूरच्या पलीकडच्या एका गावच्या मालगुजारांकडेही, म्हणजे तिथल्या जमीनदारांकडेही, तशीच फटफटी होती. एके दिवशी दुपारी ते ठाण्यात आले. सोबत त्यांचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, त्यांच्याच घरी राहणारा. जमादाराने फिर्याद लिहून घेतली. पहाटेपासून फटफटी गायब, बैलबंड्या ठेवायच्या छपरीचे कुलूप जसेच्या तसे. संशय कुणावर, असे विचारताच मालगुजारांनी गोंदियातल्या एका मिस्त्रीचे नाव सांगितले. गाडीची सगळी दुरुस्ती तोच करायचा. गाडी मला विका म्हणून तो मागे लागला होता आणि यांनी नकार दिला होता.

"उसके सिवाय कोणाच्या बापाले सुरू होत नाही ते," मालगुजार म्हणाले. "मलेच होत नाही. घरी तं कोणीच नाही."

मेहुण्याने मान डोलावली. सकाळी तो धानाच्या मळणीवर होता, असे त्याने न विचारताच सांगितले.

कुलूप न फुटता गाडी गेली, म्हणजे किल्ली घरातलीच, हे कुठल्याही नव्या शिपायाच्या लक्षात आले असते. माझ्या आले नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की हे यंत्र सुरू करणारा पंचक्रोशीत माझ्याशिवाय एकच माणूस आहे. सांजवेळी मी मिस्त्रीला अटक केली.

मिस्त्री चाळिशीचा, बुटका, नखांत कायमचे काळे. दुकानाची झडती घेतली तर पाने, तारा, जुने प्लग, आणि एरंडेलाचा एक डबा. चौकशीला बसवले तेव्हा त्याने माझ्या प्रश्नांना जेवढ्यास तेवढी उत्तरे दिली. पहाटे कुठे होता? घरी. कोण साक्षीला आहे? कोणी नाही, बायको माहेरी. गाडी मागितली होतीस? मागितली होती. मग? "मग काही नाही जी. त्यायनं नाही म्हटलं, मी घरी आलो." मी आवाज चढवला, टेबलावर काठी आपटली, तेच प्रश्न उलटसुलट विचारले. तो जमिनीकडे पाहत राहिला. गप्प बसणारा माणूस गुन्हेगारच असतो असे त्या वयात मला वाटायचे. कोठडीकडे नेताना त्याने एवढेच म्हटले, "साहेब, माया दुकानात यानंतर कोण गाडी देईल? चोराच्या हाती कोणी गाडी देते का?" चोवीस तासांच्या आत, म्हणजे दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत, त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे होते. एकदा चोरीच्या आरोपाखाली कोठडी मिळाली की गावाच्या लेखी तो चोर ठरणार, पुढे सुटला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोल कॉल चालू असताना रेल्वे स्टेशनचा माणूस धावत आला. दरेकशाच्या स्टेशनमास्तरांनी तारेने कळवले होते, तिथल्या कोतवालाला जंगलात पानांखाली झाकलेली फटफटी सापडली आहे. माझे काळीज नाचायला लागले! दरेकशाच्या पुढे संस्थानाची हद्द. गाडी तिकडे गेली असती तर कागदपत्रे फिरवण्यातच वर्ष गेले असते. आगगाडीने जाऊन परतायला सांज होणार होती, म्हणून मी फटफटी काढली. खरे सांगायचे तर लगेचची आगगाडी हाताशी असती तरी मी फटफटीच काढली असती. जमादार मागे बसला, एका हाताने पागोटे आणि दुसऱ्याने माझा पट्टा धरून. हातकडी घातलेल्या मिस्त्रीला डोलचीत बसवले, ओळख पटवायला.

आमगावपर्यंत आम्ही उडतच गेलो. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे रचलेले पुंजणे, रस्त्यावरच्या गाई शेपट्या वर करून पळत होत्या आणि मी उत्साहात दर मैलाला तेलाचा पंप मारत होतो. सालेकसा सोडून चढ लागला तसे इंजिन अडखळू लागले. मागे पांढरा धूर. शेवटी एक मोठा ठोका देऊन गाडी बंद पडली. मी खाली उतरून नळ पाहिला, तारा हलवल्या, लाथा मारून घामाघूम झालो. अर्धा तास गेला. डोलचीतला आरोपी शांतपणे समोरच्या झाडाकडे पाहत होता.

"काय झाले असेल?" अखेर मी विचारले. अटक केल्यापासून त्याच्या कामाबद्दल मी विचारलेला तो पहिला प्रश्न.

"आमगावपासून आवाज सांगून राहिला जी. तुम्ही तेल लय पंप करून राहिले. प्लग ओला झाला."

"मग आधी का बोलला नाहीस?"

"तुमीनं विचारलं काऊन नाही?"

मी हातकडी काढायला सांगितले. जमादाराने माझ्याकडे असे पाहिले, जणू मला ऊन लागले आहे. मिस्त्रीने प्लग काढला, त्यावर पेट्रोलचे थेंब टाकून काडी लावली, तेल जळू दिले, तारेने टोक खरवडले, आडवी काडी घालून फट मोजली आणि प्लग परत बसवला. दुसऱ्या लाथेला इंजिन बोलले. दोन्ही बाजूंना दाट जंगल, जमादार म्हातारा, मी खाली बसून अवजारे गोळा करतोय. त्याला पळायचे असते तर मी काय करणार होतो? त्याने अंगठे पँटला पुसले आणि दोन्ही हात जमादारापुढे केले. हातकडी घालून घेतली, डोलचीत बसला आणि म्हणाला, "तीन मैलाले एक पंप जी. जास्त नोको."

पुढचा सगळा रस्ता मी मोजून पंप मारले. माझ्या मनात काहीतरी हलले होते, पण मनात हलले म्हणून पंचनामा होत नाही.

दरेकशाचा कोतवाल, एक वयस्क गोंड माणूस, स्टेशनजवळ वाट पाहत होता. आदल्या दिवशी उजाडताना लाकूडतोड्यांनी फटफट आवाज ऐकला होता, मग किंचाळल्यासारखा एक आवाज आणि नंतर काहीच नाही. नाल्याच्या काठी सागाच्या पानांखाली मालगुजारांची गाडी उभी होती. मी लाथ मारून पाहिली. दांडा तसूभरही हलला नाही. पिस्टन आत चिकटला होता.

"बिना तेलाची चालवली," मी म्हणालो.

मिस्त्रीने बांधलेल्या हातांनीच तेलाचे झाकण काढले आणि आत पाहिले. मग बाजूला होऊन त्याने मला वाकायला सांगितले. टाकीत तुपासारखे पिवळट काहीतरी घट्ट बसले होते. मी बोट घातले, ते रुतले. नाक नेले आणि तो वास आला. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात, आणि त्यांच्या तेलावर तिकडच्या घरांत दिवे लागतात, भाज्या शिजतात. कोतवालाने नुसते लांबून हुंगले आणि म्हणाला, "टोरीचा तेल आय ना."

"थंडीत टोरीचं तेल जमते जी," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा चढला होता. "नळीत गोठलं, खाली एक थेंब गेला नाही, पिस्टन धरला. युद्धापासून विलायती तेल भेटत नाही म्हणून मी एरंडेल टाकतो. ते जमत नाही. हे माया हातचं काम नोहे साहेब. इंजिन मारलं ना कोणीतरी!" त्याच्या डोळ्यांत पाणी होते. स्वतःच्या अटकेवर न रडलेला माणूस त्या इंजिनावर रडत होता. त्या क्षणी मला पुराव्याआधीच कळले, आणि माझ्याच मुस्काटात मारून घ्यावी असे वाटले.

मग मी खरी चौकशी सुरू केली. पंचनामा लिहिता लिहिता त्याला एकच विचारले, तू काम करताना शेजारी कोण उभे असायचे? तो लगेच म्हणाला, मालगुजारांचा मेहुणा. रोज. विचारायचा काही नाही, नुसता पाहायचा. तेलाच्या घाण्यावरून आलेले तेल टाकीत जाते, एवढे त्याने पाहिले होते. घाण्यात तर एरंडीही पिळतात आणि टोरीही.

परतीच्या वाटेवर मी एक बेत केला. मिस्त्रीला जमादाराबरोबर फुलचूरच्या अलीकडे उतरवून पायी ठाण्याकडे पाठवले आणि एकटाच मालगुजारांच्या अंगणात गाडी नेली. सांज व्हायला दोन तास होते. गाडी सापडल्याचे बोललो नाही. मिस्त्री काही कबूल होत नाही, असे सांगून कुरकुर केली, आणि चहा घेता घेता म्हणालो की माझ्या गाडीतले तेल संपले आहे, आता ठाण्यापर्यंत कसा जाणार?

मेहुणा तयारच होता. त्याने गड्याला हाक मारून घरातून डबा मागवला. टाकीला दोन झाकणे होती. त्याने मोठ्याला हातही लावला नाही, सरळ लहान झाकण फिरवले. डब्यातून टोरीचे तेल ओतले. दिवसाच्या उबेने पातळ होते, घळाघळा गेले. मी ओतू दिले. झाकण लावून त्याने हात पुसले आणि, देवाशपथ, पंपाचा दांडा दोनदा दाबला. मोजून दोनदा.

मालगुजार कप हातात धरून पाहत होते. ते म्हणाले, "अरे, तुले येते?"

"भाऊजी, तेल म्हणजे तेल. मिस्त्रीबी घाण्याचंच टाकते," मेहुणा म्हणाला. किती खुशीत म्हणाला!

"बरोबर," मी म्हणालो. "दरेकशाच्या नाल्याकाठी उभ्या असलेल्या गाडीतही हेच आहे. गोठलेले."

त्याचा हात पंपावरच राहिला. मग तो सगळे सांगून मोकळा झाला. संस्थानात गिऱ्हाईक ठरले होते. गाडी अडली तेव्हा ती पानांत लपवून तो सकाळच्या आगगाडीने परतला आणि तसाच फिर्याद द्यायला आला. बंडी नेऊन ती पुढे ओढून न्यायची होती. "रोज जेवताना हे म्हणत, आपल्या घरी कोणाले ते सुरू होत नाही," तो बहिणीच्या नवऱ्याकडे न पाहता बोलला. "मले होत होती."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून मी पुढे ओळख परेड घेतली आणि दरेकशाच्या तिकीटबाबूने त्याला ओळखले. खटला उभा राहिला, शिक्षाही झाली. पण माझ्या लेखी प्रकरण त्याच सांजेला संपले.

या प्रकरणाने मला काय शिकवले ते नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो. मी त्या माणसाला कुठे होतास, कोण होते, काय मागितले होतेस असे पन्नास प्रश्न विचारले आणि तो गप्प राहिला, कारण त्यांत त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. ज्यात त्याचा जीव होता ते यंत्र, त्याबद्दल मी अवाक्षर विचारले नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येकाला, मग तो विणकर असो की लाकूडतोड्या, मी आधी विचारायचो, तुझे काम कसे करतोस ते सांग. कितीतरी निरपराध माणसे त्या एका प्रश्नाने घरी गेली.

त्या सांजेला मी मिस्त्रीच्या सुटकेच्या कागदावर सही केली. ठाण्याच्या आवारात मालगुजार स्वतः उभे होते, पाच-पन्नास माणसे जमली होती. त्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मिस्त्री, चूक माझी झाली. तुम्ही चोर नाही." माझ्या तोंडून त्याला 'तुम्ही' पहिल्यांदाच गेले. जमादाराने हातकडी काढली. मिस्त्री चालत माझ्या फटफटीपाशी गेला, लहान झाकण उघडून हुंगले आणि मान हलवली. सूर्य खाली गेला होता, हवेत गारठा चढत होता, आत टोरीचे तेल जमायला लागले असणार.

मी जवळ गेलो. त्याने हात पुढे केला. दिवसभराच्या सवयीने मला वाटले हातकडीसाठीच, आणि मी शरमेने खाली पाहिले.

"पाना द्या जी," तो म्हणाला. "जमायच्या आत काढावं लागते."