सातव्या किल्लीची चिंधी

नव्वदच्या दशकात मी नगरला पुणे रस्त्यावरच्या एका मोटारींच्या शोरूममध्ये नोकरीला होतो. कुणी विचारलं की मी "शोरूममध्ये असतो" असं ऐटीत सांगायचो. खरं तर मी शोरूमच्या मागच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. पुढे काचा, गुळगुळीत फरशी, टाय लावलेले सेल्समन. मागे पत्र्याचं छप्पर, ग्रीस आणि आम्ही. मधल्या दारातून मागे येताना सेल्समन मंडळी पँट वर उचलून धरायची. मला त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

मागचं राज्य मिस्त्रींचं. काष्टीकडचे, पन्नाशीला टेकलेले, डावखुरे. शोरूम व्हायच्या आधी शेठच्या वडिलांचं साधं गॅरेज होतं, तेव्हापासूनचे. माझ्या डिप्लोम्याच्या पुस्तकांत इंजिनाची चित्रं होती. इंजिन मला मिस्त्रींनी दाखवलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला धरायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "बाळा, तिसऱ्या शिलिंडरात खडखड हाय." बॉनेटखाली हात घालून बघावं तर तिसऱ्यातच असायची.

त्यांची एक पद्धत होती. दुरुस्तीला आलेल्या गाडीची किल्ली काउंटरमागच्या फळीवर खिळ्याला लागायची. काम हातात घेतलं की मिस्त्री त्या किल्लीला पुसायच्या कपड्याची एक चिंधी बांधायचे. काम संपलं तरी चिंधी सुटायची नाही. ते स्वतः गाडी चालवून बघायचे, समाधान झालं तरच गाठ सोडायचे. चिंधीवाली किल्ली गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची नाही, हा नियम होता. एकदा खुद्द शेठ घाईत किल्ली मागायला आले, तर काउंटरवरच्या मुलीने चिंधीकडे बोट दाखवलं आणि शेठ मुकाट्याने खुर्चीत बसून राहिले.

एका वर्षी गाड्यांच्या कंपनीने प्रत्येक वर्कशॉपला एक फोरमन नेमायला सांगितला. शेठने मिस्त्रींना शब्द दिला, पण कंपनीचा साहेब येऊन वर्कशॉप बघणार आणि त्याने मान डोलावली तरच नाव पक्कं होणार होतं. मिस्त्रींना पगारापेक्षा त्या नावाची ओढ होती. एकदा चहा पिताना बोलले होते, "पोरीला बघायला येत्यात. बाप काय करतो इचारत्यात. मिस्त्री म्हनलं की गप बसत्यात बघ." मग हसले होते. मला ते हसणं अजिबात आवडलं नव्हतं, आणि मिस्त्री फोरमन व्हावेत असं मला मनापासून वाटत होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला ते पटणार नाही.

साहेब येणार त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. फरशी पुसून घेतली, हत्यारं ओळीने लावली, आणि मग माझी नजर त्या फळीवर गेली. सात किल्ल्यांना सात तेलकट, काळ्या चिंध्या. मला एकदम लाज वाटली. पुण्याहून येणारा टायवाला साहेब हे बघून नाक मुरडणार, हा गावठी माणूस फोरमन कसा होईल म्हणणार, असं माझ्या डोक्यात आलं. मी सातही चिंध्या सोडल्या आणि खिशात कोंबल्या. सातही किल्ल्या लक्षात ठेवल्या. साहेब गेला की परत बांधू, असा विचार होता. मिस्त्रींना विचारलं नाही. ते एव्हाना येऊन मागे नवा निळा युनिफॉर्म घालून, केसांना पाणी लावून उभे होते. नवरदेवासारखे दिसत होते.

साहेब आला, बघितलं, खूश झाला. जेवायला शेठबरोबर बाहेर गेला तशी मी फळीपाशी धावलो. तिथे सहाच किल्ल्या होत्या.

सातवी किल्ली सावेडीच्या एका शिक्षकांच्या पांढऱ्या गाडीची. ब्रेकची नळी बदलली होती, पण आतली हवा काढायची राहिली होती; ती राहिली की ब्रेक लागेलच याचा भरवसा नसतो. ते येऊन गाडी घेऊन गेले होते. काउंटरवरच्या मुलीची काय चूक? किल्लीला चिंधी नव्हती आणि कार्डावर "काम पूर्ण" अशी सही होती. ती सही माझी. साहेबाला अर्धवट कार्डं दिसायला नकोत म्हणून मी ती आदल्या दिवशीच ठोकून ठेवली होती.

कार्डावर त्यांचा फोन नंबर होता. फोन माझ्यापासून हातभर लांब होता. पण साहेब परत यायची वेळ झाली होती, आणि फोनवर सांगणार काय? मी स्वतःची समजूत घातली, की गावातल्या गावात हळू चालवतील, उद्या सकाळी बोलावून घेऊ. उरलेल्या सहा किल्ल्यांना मी घाईघाईने चिंध्या बांधल्या. सातवी चिंधी खिशातच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ते बायकोला घेऊन पाथर्डीकडे देवीच्या दर्शनाला निघाले. करंजी घाटाच्या उतारावर ब्रेकचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. गाडी कठड्यावर आदळली. त्यांना खरचटलं. बाईंचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही तिघे उभे होतो. मुलगी रडत होती. "शेठ, देवाशपथ, चिंधी नव्हती."

"म्या बांधली हुती," मिस्त्री म्हणाले.

"मग गेली कुठं?" शेठ ओरडले. "उंदरांनी खाल्ली? बाकीच्या सहांना आहेत की अजून! साहेबाच्या नादात विसरलात, असं सरळ सांगा ना."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कार्डाकडे बघत राहिलो; सही माझी होती, पण तिथे कार्डापेक्षा चिंधीच खरी मानली जायची. डोक्याचा एक कोपरा शांतपणे विचार करत होता, की आत्ता बोललो तर नोकरी गेली, कदाचित पोलीससुद्धा येतील. त्या कोपऱ्याची मला आजही किळस येते.

"उद्यापासून येऊ नका," शेठ म्हणाले. मिस्त्रींनी आपला जुना स्क्रू-ड्रायव्हर तेवढा घेतला आणि मधल्या दाराने, शोरूममधून, निघून गेले. त्या दाराने पुढे जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मुलीची सोयरीक पुढे सरकली नाही, असं नंतर कानावर आलं.

दोन महिन्यांनी मी फोरमन झालो. भिंतीवर माझं नाव लागलं. मी पेढे वाटले. चिंध्या बंद करून छापील पत्र्याचे बिल्ले आणले, आणि पुढच्या वेळी साहेबाने त्याचं कौतुक केलं.

चार वर्षांनी मी काष्टीच्या बाजूने येत असताना माझी गाडी आचके द्यायला लागली. रस्त्यावरच्या माणसाने सांगितलं, "बाजारतळाजवळ एक मिस्त्री हाय, लई चांगला." मला तेव्हाच कळलं होतं. परत फिरावं असंही वाटलं, पण गाडी तेवढी चालेना.

छप्पर साधंच होतं. खिळ्यांना किल्ल्या, किल्ल्यांना चिंध्या. मिस्त्री थकले होते. "या साहेब," म्हणाले. पूर्वी बाळा म्हणायचे. किल्ली घेऊन त्यांनी तिला चिंधी बांधली आणि बॉनेट उघडलं.

काम करता करता त्यांनी विचारलं, "बाई कशा हायत?"

"कोण बाई?"

"सावेडीच्या."

मला माहीत नव्हतं. मी एकदाही गेलो नव्हतो. "मी जातो कधीमधी," ते म्हणाले. "लाकडी पाय बसवलाय. बोलत्यात चांगलं."

मग त्यांनी पान्याने एक नट आवळला. मान वर न करता ते म्हणाले, "दुसऱ्या दिशी सकाळी मी फळी बघितली हुती. सहा गाठी हुत्या. एकबी माजी नव्हती. मी डाव्या हातानं बांधतो, माजी गाठ उलटी बसती."

मी विचारलं, "मग शेठना सांगितलं का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हून थांबलो हुतो."

ते गाडी घेऊन ट्रायलला गेले. मी एकटाच त्या छपराखाली उभा होतो, आणि आल्यावर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. चुकलो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते आले, उतरले, डाव्या हाताने गाठ सोडली आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "ब्रेकबी बघितले," ते म्हणाले.

मी किल्ली घेतली आणि विचारलं, "किती द्यायचे?"