डोंगल खिडकीच्या बाहेर होतं

हात आत, हात आत घे रे! मी वरडली अन् कापसाची गाडी आमच्या एसटीले घासतच मागं गेली. पोराचं मनगट माझ्या मुठीत होतं. वायरीले हिसका बसला, वायर तुटली अन् नेटचं डोंगल गेलं. गाडीच्या दोरात अटकून गेलं का रोडवर पडलं, काय मालूम. मांडीवर लॅपटॉप, पोट्टं श्वास कोंडून रडून राह्यलं. म्या त्याची बोटं मोजली. परत मोजली.

बाजूले बांगड्यावाली चाची होती. ते म्हणे, "पोरगं सलामत हाय ना बेटी? मंग चीज गेली तं जाऊ दे."

कंडक्टर म्हणे, "बाई, एसटीत नेट चालवता? टपावर अँटेना बसवू का आता?"

सारे हसले. हसा. मी काय शौकानं बसली होती लॅपटॉप घेऊन?

आमच्या वावरात बीटी कापसाची पऱ्हाटी होती. बीटीले अळी लागत नाई म्हणे. अन् बोंड फोडलं का आत गुलाबी अळी वळवळे. बियाणंवाला दुकानदार म्हणे, दुपारपर्यंत मेलवर अळीचे फोटो पाठवा, तं कंपनीचा साहेब वावर पाहाले येईन. नाई पाठवले तं भरपाईची बात खतम. गावात नेटची रेंज नाई. यायच्या, म्हणजे माह्या नवऱ्याच्या, दोस्ताचा लॅपटॉप अन् डोंगल आणलं. यायले विहिरीवरची मोटर सोडून निंघता येत नव्हतं, वावरातली लाईट दुपारीच येते. मी नववी नापास, पण इंग्रजी अक्षरं वयखतो, म्हणून मलेच धाडलं. मलकापूरले नेटच्या दुकानात बसून पाठवीन म्हटलं, तं रस्त्यात एसटी पंचर. दुपार तिथंच चालली. म्या घाबरून फोन केला, तं हेच म्हणे, "चालत्या गाडीतून पाठव. लांब वायर लाव अन् डोंगल खिडकीच्या बाहेर लटकव, तवाच रेंज पकडते."

लटकवलं. खरंच पकडली रेंज. फोटो जाऊन राह्यले होते, पट्टी पार शेवटाले आली होती. एक हात लॅपटॉपले, एक हात वायरीले, पोरगं मधात. डोंगलचा निळा लाईट लुकलुक करे. तो धराले पोरानं गजातून हात घातला, पार खांद्यापर्यंत. अन् तवाच डायवरनं कापसाच्या गाडीले ओव्हरटेक मारला. त्या गाड्या कशा भरतात, तुमाले मालूम हाय. दोन्हीकून पोट काढून चालतात.

म्या वायर सोडली.

यायचा फोन आला. "पाठोलं का?"

"डोंगल गेलं."

"गेलं म्हणजे?"

"कापसाच्या गाडीनं नेलं."

"काऊन वं, मजाक करतं का? कापसाची गाडी डोंगल नेते का कुठी?"

पोराचं इचारलं नाई. रडणं फोनात आयकू येत होतं, तरी नाई इचारलं. मलकापूरले उतरून त्याले कडेवर घेऊन पयतच नेटच्या दुकानात गेली, तं लाईट नाई, शटर अर्धं खाली. लाईट आली तवा पाठवले. दुकानदार फोनवर म्हणे, साहेब निंघून गेले, आता काई उपयोग नाई.

घरी आली तं सासू दारातच. "एका हातानं पोट्टं धरता नाई आलं? लोकं कडेवर घेऊन वावर निंदतात." दोस्त आला, त्यानं नुसता लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला. अन् हे, ज्यानं लटकव म्हटलं तेच, सगळ्यायच्या समोर म्हणे, "वायर घट्ट धराले काय झालं होतं?"

झोपल्यावर पोराची बाही वर करून पाहिली. गजाचा लाल वळ होता दंडावर. आत्ता बी कापसाच्या गाडीचा आवाज आला का मी आधी पोराचा हात धरतो. अन् घरात अजून तेच चालू हाय, म्या घालवलं, म्या घालवलं.

दोनच हात हायेत माहे. तुमीच सांगा, तुमी काय सोडलं असतं?