सुमनकाकूंनी वास घेतल्यावर

जर्मनीला निघाले त्या सकाळी टॅक्सी आमच्या माले गावातल्या घरासमोर उभी होती, आणि आई माझ्या बॅगेतून लसणाच्या चटणीचा डबा परत बाहेर काढत होती. झाकण उघडून तिनं वास घेतला, डबा घट्ट लावला. "चांगली हाय. निघ आता, मागं बघू नगंस," म्हणाली. मी बघितलं नाही. आईचं सांगणं इतकं तंतोतंत मी दुसऱ्या कशात ऐकलेलं नाही.

इथं जर्मनीत मी रंगांवर काम करते. कपड्यांचे रंग नव्हेत, अमोनियासारखा वायू लागला की बदलणारे रंग. चिकणमातीचे अतिशय पातळ पापुद्रे असतात, घडीच्या पोळीला पदर असतात तसे. त्यांच्यामध्ये हा रंग बसवायचा आणि त्याची फिल्म बनवायची. मासळीच्या पाकिटात ती लावली की मासळी खराब व्हायला लागताच पिवळ्याची निळी होते. थोडक्यात, नाकाला कळायच्या आत वास पकडायचा, हा माझा धंदा. त्यावर मी तासभर भाषण देऊ शकते.

तीन वर्षांपूर्वी आईला तापाचं मोठं दुखणं झालं. बरी झाल्यावर फोनवर म्हणाली, "मला कशाचाच वास येत न्हाई गं." लॅबमध्ये माझी फिल्म वाळत होती, सगळं लक्ष तिकडं. "येईल हळूहळू," म्हटलं आणि फोन ठेवला. पुढं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ती हसायची, मी हसायचे. सगळं आलबेल.

यंदा गावी गेले. पहिल्याच सकाळी चहा टाकायला लायटर उचलला, तर आईनं माझा हात धरला. "थांब, सुमन येऊ दे." शेजारच्या सुमनकाकू आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी खोल श्वास घेतला, शेगडीजवळ येऊन पुन्हा घेतला आणि म्हणाल्या, "हां, पेटव." मला हसू आलं. "हे कुठलं नवीन व्रत?" असं विचारलंसुद्धा.

आई पाठ वळवून कप विसळायला लागली. काकू गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. "तुज्या आईला वास येत न्हाई, म्हाईत न्हाई व्हय तुला? मागल्या साली गॅस गळत हुता आन ही लायटर घिऊन हुबी. मी दह्याला इरजान मागाया आले म्हून वाचली."

"मग मला का नाही कळवलं?"

"हिनंच शपथ घातली. तुजं काम आडंल म्हनली."

मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला. तडक पौडला जाऊन गॅसगळतीचा अलार्म आणला, ओट्याखाली भिंतीला लावला, दोघींना वाजवून दाखवला. मोठी तज्ज्ञ! आईनं कौतुकानं पाहिलं. दुसऱ्या सकाळी मात्र ती लायटर हातात धरून दाराकडं बघत उभीच.

"अगं, अलार्म आहे ना आता?"

"आसू दे की. ती येतीच हाय."

माझ्यासारखे बाहेर पडलेले भेटले की एकमेकांना विचारतात, घराची आठवण येते का? येते, रोज येते. पण माझ्या आठवणीचा आईला काडीचा उपयोग झाला नाही, हे मला आता माहीत आहे. घर म्हणजे माझी वाट बघणारी आई, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आमच्या घरात आई रोज सकाळी वाट बघते ती सुमनकाकूंची. आणि त्या येतात.