गाडीले सांगा

निरोप आला तो सासरहून, सोनाळ्याच्या एसटीतून. कंडक्टरने चिठ्ठी स्टँडवरच्या पानवाल्याकडे ठेवली, पानवाल्याने ती आमच्या ह्यांच्या हातात दिली आणि हे सायकल धरून तसेच दारात उभे राहिले. "दादा गेला," एवढंच म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर डोक्यावर पदर घेतला. खामगावच्या आमच्या दोन खोल्यांत, दादांपासून इतक्या कोसांवर, ते आता नाहीत हे ऐकून मी त्यांच्यासाठी पदर घेतला! सोळा वर्षांची सवय… ती काय चिठ्ठी वाचून सुटते होय?

नारायणदादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझे भासरे. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर उघड्या डोक्याने यायचं नाही, त्यांच्या खाटेवर बसायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही. काही सांगायचंच झालं तर सासूबाईंमार्फत, जाऊबाईंमार्फत, नाहीतर घरातल्या एखाद्या लेकरामार्फत. मी खामगावची, सातवी पास, तोंडाची फटकळ. लग्न होऊन आले ती महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं की या घरात माझ्या जिभेला अर्धी सुट्टी मिळाली आहे.

दादांना शेतीत रस नव्हता असं नाही, पण त्यांचा जीव होता लोखंडात. माझ्या लग्नानंतर वर्षभराने त्यांनी खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्याची अडगळीत पडलेली जुनी लष्करी जीप आणली. आणली म्हणजे बैल जुंपून ओढत आणली. सगळं गाव रस्त्यावर. सासरे ओट्यावरून ओरडले, "बैलं मोटर ओढून राह्यले, मंग आता मोटर काय ओढीन बे?" दादा हसले फक्त. बैल वावरातल्या गोठ्यात गेले आणि घरामागचा गोठा जीपचा झाला. गव्हाणीत पाने आणि हातोड्या, खुंटीला बैलाच्या कासऱ्याऐवजी टायरची ट्यूब, आणि शेणाच्या वासात रॉकेलचा वास. गावातले लोक त्यांना 'पाटलाघरचा मिस्त्री' म्हणून चिडवत, पण विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की त्यांच्याच दारात येत.

स्वयंपाकघराची खिडकी त्या गोठ्यावर उघडायची. मी चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि समोर दादा पाठमोरे बसून इंजिन उकलायचे. त्यांची एक पद्धत होती. जुनं धोतर जमिनीवर अंथरायचं आणि काढलेला प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे ओळीने ठेवत जायचा. लावताना उजवीकडून सुरुवात. त्या धोतराला कोणी ओलांडायचं नाही. सासऱ्यांनी एकदा ओलांडलं तर दादा त्यांच्यावरही तडकले होते, म्हणजे बघा!

पुढच्या भाद्रपदात त्यांनी इंजिनचं वरचं जड झाकण उतरवलं आणि आतले आठ व्हॉल्व्ह काढले. व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांडा आणि वर गोल चपटी टोपी, रानातल्या भुईछत्रीसारखा. आठही दिसायला जवळपास सारखे, पण प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. दादा एकेक व्हॉल्व्ह त्याच्या जागेवर ठेवून, टोपीला चिकटवलेली काठी दोन्ही तळहातांत रवीसारखी फिरवून, तासन् तास घासत. एक झाला की धोतरावर त्याच्या जागी. तीन आठवडे हे चाललं होतं. गावाला सांगून ठेवलं होतं त्यांनी, "यंदा दसऱ्याले सोनं आनाले शिवेवर मोटर जाईन." लोक मिश्यांत हसत होते. त्यांचा सगळा मान त्या आठ भुईछत्र्यांवर टांगलेला होता.

आणि मग आली खंडेनवमी. हत्यारांची पूजा. जाऊबाई बाळंतपणाला माहेरी, हे नणंदेला आणायला पार लोणारकडे सुलतानपूरला गेलेले, दादा सकाळीच वावरात. सासूबाई म्हणाल्या, "लोखंडाचं जे जे हाये ते धून पूजा मांड वं." मी दोन वर्षांची जुनी सून, अंगात उत्साह मावत नव्हता. विळे, कुऱ्हाड, पाने, हातोड्या धुतल्या, आणि वाटलं, भासऱ्यांच्या एवढ्या जिवाचं सामान, ते काय असं काळं राहू द्यायचं? ते आठही व्हॉल्व्ह उचलून रॉकेलने लख्ख धुतले, पुसले, पूजेचा लाल नाडा बांधला, हळदकुंकू लावलं. आठ होते ना, म्हणून पाटावर गोल मांडून त्यांचं अष्टदळ कमळ केलं. मधोमध झेंडू. इतकं सुरेख दिसत होतं मेलं, की मी उठून दोनदा पाहून आले.

दादा दुपारी आले. चपला काढल्या, कमळासमोर उभे राहिले. धोतराकडे पाहिलं, कमळाकडे पाहिलं. मी दाराआड. आता ओरडतील, मग ओरडतील… पण त्यांनी हात जोडले आणि बाहेर निघून गेले. मांडलेली पूजा दुसऱ्या दिवसापर्यंत हलवता येत नाही. मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, ते कोनता कोठचा ते समजत नाही म्हने त्याले. लोखंडाले काय, कोठंही बसते." तीन आठवड्यांची त्यांची मेहनत मी एका सकाळी कमळ करून टाकली होती.

पण खरं सांगू? मला माहीत होतं कोणता कुठचा. एकत्र घरात बारा वाट्या असतात, सगळ्या सारख्या, तरी घासणाऱ्या बाईला पोचे बघून कळतं कोणती माहेरची आणि कोणती बारशात आलेली. मी डावीकडून एकेक उचलून धुतला होता. एकाची कडा उंदराने कुरतडल्यासारखी होती, एकाच्या दांड्यावर बारीक रेघ, एकाच्या टोपीवर न निघणारा काळा डाग. सगळं हाताला आठवत होतं. फक्त सांगायचं कुणाला? घरात सासूबाई, त्यांचं उत्तर वर आलंच. आणि ज्यांना सांगायचं त्यांच्याशी बोलायचं नाही!

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरली. दादा गोठ्यात एकेक व्हॉल्व्ह हातात घेऊन बसले होते, वळवून बघत होते, खाली ठेवत होते. बाहेर पोरं विचारून जात होती, "मोटर निघाली का हो?" मी खिडकीतून ती त्यांची वाकलेली पाठ पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. पदर हनुवटीपर्यंत ओढला, गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि जीपकडे तोंड करून म्हणाले, "बाई गाडे, तुह्या मालकाले सांग, कडेले कुरतडलेला हाये तो डावीकडून तिसरा."

दादांचा हात थांबला. वळले मात्र नाहीत. मला वाटलं आता सासऱ्यांना हाक मारतात. मग त्यांनी घसा खाकरला आणि जीपलाच म्हणाले, "गाडे, इचार बरं, आन् दांड्यावर रेघ हाये तो?"

"तो पह्यला."

"डागाचा?"

"पाचवा."

असे सहा लागले. सहाव्या आणि सातव्या जागेचे मात्र अगदी जुळे. ठोकून द्यावं असं क्षणभर वाटलंही, पण म्हटलं, एक चूक पुरे. "बाई गाडे, त्या दोघाईचं मले पक्कं नाही." दादा म्हणाले, "मंग गाडीले सांगा, ते दोन नव्यानं घासतो." त्यात दसरा हुकला. गावाने हसून घेतलं. एकादशीला दुपारी जीप खोकत, धूर सोडत सुरू झाली, शिवेवर गेली आणि एक दिवस शिळं सोनं घेऊन आली. दादांनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली. मला कशी देणार? थोड्या वेळाने पाहिलं तर स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन पानं ठेवलेली. त्या पानांना रॉकेलचा वास होता.

त्या दिवसापासून आम्ही दोघं गाडीशी बोलायला लागलो. कधी जीप, कधी कुणाचं ऑइल इंजिन. जे समोर उकललेलं असेल ते. दादा धोतर नेमकं खिडकीसमोर अंथरायचे आणि शेवटी विचारायचे, "गाडीले इचारा, हा कोनता?" मी भाकरी उलटता उलटता सांगायची. कधी मधेच, "गाडीले इचारा, पोराचा ताप उतरला का?" मी म्हणायची, "गाडे, सांग त्याहीले, उतरला. आन् आता तंबाखू कमी करा म्हना." एकदा चिडून मी गाडीला सांगितलं, की मला गावातल्या पोरींना शिकवायला जायचं आहे आणि घरात कोणी ऐकत नाही. दादांनी पाना खाली ठेवला आणि थेट सासऱ्यांच्या ओट्यावर गेले. पुढच्या महिन्यात मी शाळेत होते. एवढा मोठा उपकार करून माणूस परत येऊन काय म्हणाला? "गाडीले सांगा, ब्रेकचं तेल संपलं."

मग चार वर्षांपूर्वी ह्यांच्या नोकरीसाठी आणि पोरांच्या शाळेसाठी आम्ही खामगावला आलो. सणावारी जायचो. जीप म्हातारी झाली होती, दादाही.

श्रावणात त्यांना कावीळ झाल्याचं कळलं. गेलो तर ओसरीत खाटेवर, हळदीसारखे पिवळे. भोवती सगळं गणगोत. मी दाराला टेकून, पदर पुढे ओढून उभी. त्यांनी डोळे उघडले, माझ्या दिशेने बघितलं नाहीच, छताकडे पाहून म्हणाले, "गाडीले सांगा… झाकण लावाचं राह्यलं." ह्यांच्या आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "पाहा, बरळून राह्यला." बरळत नव्हते हो ते! मला कळलं होतं. एका मला कळलं होतं. आणि मी, इतकी तोंडाची फटकळ, शाळेत चाळीस पोरींना दटावणारी, त्या वीस माणसांसमोर 'हो' म्हणू शकले नाही. मधे गाडी नव्हती ना. दहा दिवसांनी चिठ्ठी आली.

तेराव्याला गोठ्यात जायचं धाडस झालं नाही. यंदा वर्षभर घरात सण नाही, तरी खंडेनवमीला मी हट्टाने सोनाळ्याला गेले आणि गोठ्याचं दार उघडलं. जीपचं बॉनेट वर, इंजिन उघडं, झाकण बाजूला भिंतीला टेकवलेलं. पण धोतर रिकामं होतं. व्हॉल्व्ह होते एका लाकडी फळीत. फळीला आठ भोकं, प्रत्येकाखाली खिळ्याने कोरलेला आकडा, एक ते आठ, आणि प्रत्येक भोकात एकेक व्हॉल्व्ह आपल्या जागी उभा. मला बरं वाटलं. म्हटलं, शहाणपणाचं काम केलं, खूप आधीच करायला हवं होतं.

जाऊबाई मागे येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, "बाई, ही फळी कधी केली?"

"हे फळी? तुनं ते कमळ केलतं ना, त्याच दिवाळीत सुताराकडून करून आनली होती."

"मंग कधी दिसली कशी नाही?"

"मीबी इचारलं होतं, करून आनली तं वापरत काऊन नाही. तं म्हने, फळी वापरली तं धाकटी बोलीन कशी? पेटीत ठुली ते ठुलीच. तुमी खामगावले गेले, तवा काढली."

मी तिथेच गव्हाणीच्या कडेवर बसले आणि पोटभर रडले. दहा वर्षं तो माणूस मला विचारत होता, हा कोणता, तो कोणता… आणि मी मेली मनातून मिरवत होते, की माझ्यावाचून ह्यांचं इंजिन लागत नाही!

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना बोलावून घेतलं. ह्यांना पाना उलटा की सुलटा ते कळत नाही, तेव्हा भांडणं भरपूर झाली. पण इतकी वर्षं खिडकीतून बघितलेलं वाया जात नाही. फळीकडे न पाहता मी एकेक व्हॉल्व्ह हातात घेतला. कुरतडलेला तिसरा, रेघेचा पहिला, डागाचा पाचवा. सहावा आणि सातवा आला तेव्हा मात्र फळीवरचा आकडा पाहिला. दोन दिवसांनी झाकण बसलं, नट आवळले. गाडी सुरू झाली का विचाराल, तर नाही झाली. बॅटरी पार उतरलेली आहे. होईल कधीतरी.

हे हात धुवायला विहिरीवर गेले. मी बॉनेट खाली ओढलं आणि नेहमीसारखं तोंडात आलं, "बाई गाडे, सांग त्याहीले…" आणि थांबले. आता हिच्यामार्फत काऊन? पदर कधीचा खांद्यावर आला होता, तो मी डोक्यावर घेतला नाही.

"दादा," मी म्हणाले, "झाकण लावलं."

खिडकीतून जाऊबाईंनी विचारलं, "कोनासंग बोलून राह्यली वं?"

"दादासंग," मी म्हणाले.