गाळाच्या पापड्या

पडदा वर जातो. नागपूरच्या पूर्वेला नाग नदीचा काठ, वैशाखातली सकाळ. डावीकडे मशीनने पात्रातून उपसून टाकलेल्या काळ्या गाळाचा ढीग, उजवीकडे उन्हात वाळत ठेवलेल्या मातीच्या चुली. मधोमध, कोपरापर्यंत चिखलात हात घातलेली गोपिकाबाई.

एवढाच प्रवेश, पण नाटकातला नव्हे, मी डोळ्यांनी पाहिलेला.

पालथ्या मडक्यावर लांब रोट्या भाजणाऱ्या बायकांना गोपिकाबाईचीच चूल लागते, तिच्यावर ते मडकं डगमगत नाही म्हणून. पूर्वी ती शहराबाहेरच्या शेतातून माती आणायची. तिथे प्लॉट पडले. मग दर उन्हाळ्यात दारापुढे येऊन पडणारा हा गाळच ती वापरू लागली. लोण्यासारखा मऊ. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. झाडीपट्टीच्या नाटकांत मी राजे केले, ते तिने लहानपणी पोत्यावर बसून पाहिलेले. मला बघताच ओरडायची, "या राजे! राज्य गेलं, चूल तरी घेऊन जा!"

त्या सकाळी ढिगाशी कॉलेजची एक मुलगी, सरिता, हातमोजे घालून डबीत गाळ भरत होती.

"काहून वं पोरी, चिखलाले मोजे? लग्न जमून राहिलं काय?" गोपिकाबाईने विचारलं.

सरिता हसली. "मावशी, तुम्हीसुद्धा घालत जा. कारखान्यांचं, मुलामा देणाऱ्यांचं पाणी नदीत येतं. पाणी पुढे जातं, शिसं मात्र गाळात बसून राहतं. मागच्या नमुन्यात सापडलंय."

"मंग? माही चूल कोणी खाते काय? अन् भाजल्यावर सारं जळून जाते."

"शिसं जळत नाही, मावशी. लहान मुलांच्या तोंडात ही माती जाऊ देऊ नका. आणि घरात कोणी गरोदर असेल तर..."

गोपिकाबाईचं हसू तोंडावरच राहिलं, आतून मात्र ती कुठेतरी निघून गेली. मला कारण ठाऊक होतं. तिच्या सुनेला, काजलला, सातवा महिना होता आणि डोहाळे मातीचे लागले होते. आमच्याकडे अशा वेळी सासू कौतुकाने भाजक्या मातीचा तुकडा हातावर ठेवते. गोपिकाबाईने तर जास्तच कौतुक केलं होतं. गाळ फडक्यातून गाळून, त्याच्या बोटभर पापड्या थापून, निखाऱ्यावर खरपूस भाजून तिने डबा भरून दिला होता.

ती घराकडे पळाली. मी मागोमाग. काजल उंबऱ्यावर बसली होती, डबा मांडीवर, गाल फुगलेला.

"आई, सरत आल्या. आणखी करान न?"

गोपिकाबाईने डबा हिसकावला.

"अवं माय! पापड्यांवर पहारा लागला काय?" काजल खिदळली.

तेवढ्यात गोपिकाबाईने तिचा जबडा धरला, तोंडातला तुकडा काढायला बोट आत घातलं आणि थबकली. बोटावर तोच ओला गाळ होता. तिने हात असा झटकला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता.

ऑटोत बसल्यावर तिने दोन्ही हात बाहेर धरले, सुनेला लागू नयेत म्हणून. काजल आता हसत नव्हती. "आई, बोला न काही. मले भेव लागून राहिलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. रिपोर्टला वेळ लागेल, म्हणाल्या. माती आजपासून बंद. शिसं आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाऊ शकतं. गेलं की नाही, ते आताच सांगता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, "माती कोण देत होतं?"

काजलने सासूकडे पाहिलं. "कोणी नाही, म्याडम. मीच चोरून खात होती."

रंगमंचावर मी भीती पुष्कळ केली. डोळे वटारले, लटलट कापलो, टाळ्या घेतल्या. खऱ्या भीतीला यातलं काहीच लागत नाही. गोपिकाबाई भिंतीला टेकून नुसती उभी होती, कोपरापर्यंतचा गाळ वाळून पांढुरका झालेला. तेच हात तिने डॉक्टरीणबाईंपुढे धरले. म्हणाली,

"लबाड बोलून राहिली थे, म्याडम. मीनंच देल्ल्या, लाडानं भाजू भाजू. आता तुमी सांगा, पोटातल्यानं किती खाल्ल्या असतीन?"