मिरवणुकीच्या पुढे माझा बाप होता

“काका, तुम्ही मागे बसा. तिकडे, स्टाफबरोबर. जेवण मिळेल.”

शिरीष सर हे माझ्या वडिलांना म्हणाले. मी चार पावलांवर उभा होतो. डोक्यावर केशरी फेटा, छातीवरून तिरका लाल पट्टा, पट्ट्यावर सोनेरी अक्षरांत ‘परेड लीडर’. मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. आणि मूग गिळून उभा राहिलो.

“बरं साहेब,” वडील म्हणाले आणि मागे गेले.

आमचं इंजिनिअरिंग कॉलेज तिकडे महाराष्ट्रात. पण आखातात आम्ही माजी विद्यार्थी इतके झालोय, की यंदा होमकमिंग दुबईतच करायचं ठरलं. एका शाळेचं मैदान घेतलं, परवानग्या काढल्या, प्राचार्यांना विमानाने आणलं. मैदानाभोवती मिरवणूक निघणार, जुनी बॅच आधी, नवी मागे. आणि सगळ्यांच्या पुढे कॉलेजचं नाव काढलेले तिघे. त्या तिघांत मी होतो. जबल अली बंदरातल्या एका मोठ्या गोदामाचा मी सेफ्टी मॅनेजर. शिरीष सर माजी विद्यार्थी संघाचे अध्यक्ष, कॉलेजात मला तीन वर्षं सीनियर. त्यांचा फोन आला तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग त्यांनी परिचयाचा फॉर्म पाठवला. त्यात एक रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं, संगीत शिक्षक.

माझे वडील म्हणजे आबा. मांगवाड्यातले. आयुष्यभर हलगी वाजवली. लग्नात, जत्रेत, बैलपोळ्याला, मयताला. गावात कुणाचीही वरात निघाली की सगळ्यात पुढे आबा, नवरदेव घोड्यावर मागे. पण वरात मांडवाशी पोचली की आबा बाहेर थांबायचे. पुढे चालायचा मान आमचा नव्हता, ते आमचं काम होतं. पंगती उठेपर्यंत मी त्यांच्याजवळ उकिडवा बसायचो.

मी पहिल्या वर्षाला असताना आबा शहरात एका लग्नाला वाजवायला आले होते. तिथून तसेच हलगी खांद्याला अडकवून माझ्या हॉस्टेलच्या गेटवर आले. रुमालात बांधलेले लग्नातले चार लाडू माझ्या हातात दिले आणि पाणी प्यायला टाकीकडे गेले. गेटवर शिरीष सर मित्रांबरोबर उभे होते. “काय रे, वाजंत्री सांगितलाय का कुणी? कुणाचं लग्न आहे?” सगळे हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “कोण रे हा?” मी म्हणालो, “गावचा माणूस आहे. निरोप द्यायला आलाय.” आबा पाणी पिऊन आले. मी त्यांना लगेच एसटी स्टँडच्या रस्त्याला लावून दिलं. त्यांनी काही ऐकलं नाही, असं मी सत्तावीस वर्षं धरून चाललो होतो.

यंदा आबा व्हिजिट व्हिसावर शारजाला आमच्या घरी आले होते. खरं सांगतो, मला त्यांना होमकमिंगला न्यायचं नव्हतं. बायकोची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी होती. पण तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, “ऑफ कोर्स आजोबा इज कमिंग.” तिच्यापुढे माझं काही चाललं नाही.

गाडीत मी आबांना म्हणालो, “तिथं कुणी विचारलं तर सांगा, शाळेत संगीत शिकवायचो.”

आबा खिडकीबाहेर बघत होते. “बरं,” म्हणाले.

मैदानात मी त्यांना शेवटच्या रांगेत खुर्ची दिली. ओळख नंतर करून देतो म्हणालो. मुलगी तिच्या मैत्रिणींकडे पळाली.

ढोल-ताशाचं पथक तयार होत होतं. आमच्याच नव्या बॅचची पोरं-पोरी. पांढरे झब्बे, फेटे, डोळ्यांवर गॉगल. शनिवार-शनिवार सराव करून शिकलेली. ढोलाबरोबर त्यांनी कोल्हापूरहून एक हलगीही मागवली होती. सकाळी हवेत ओल होती, कातडं सैल पडलं होतं. एक इंजिनिअर तिच्यावर जिवाच्या आकांताने काठी मारत होता आणि आवाज येत होता ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही, हे त्या पथकात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो, कारण ते मला कसं ठाऊक, हे कुणीतरी विचारलं असतं.

आबांना मात्र ऐकवेना. ते उठले. त्या पोराच्या हातातून त्यांनी हलगी अलगद काढून घेतली आणि मैदानाच्या कडेला भाजक्या कणसांचा स्टॉल होता तिथे गेले. स्टॉलवर एक पठाण होता. “यल्ला चाचा, आओ,” म्हणत त्याने कणसं बाजूला सारली. आबा निखाऱ्यांवर हलगी फिरवत राहिले, मधूनच कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारत. मग त्यांनी काठी लावली.

सगळं मैदान वळलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पण हात तोच.

शिरीष सर धावत आले. “अरे वा, काय ऑथेंटिक वाजवतात! कोण आहेत हे? तू ओळखतोस का?”

मला विचारलं होतं. आबा माझ्याकडेच बघत होते.

“नाही सर,” मी म्हणालो.

सरांनी आबांना विचारलं, “काका, कुणाबरोबर आलात?”

आबांनी माझ्यावरची नजर काढून घेतली. “माझं पोरगं लेबर कँपात कामाला हाय, साहेब. त्याला आज ड्यूटी हाय. म्या आपला असाच बघाय आलो.”

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून माझ्या बापाने एका क्षणात मला मजूर केलं, ड्यूटीवर पाठवलं आणि स्वतः एकटा झाला.

मिरवणूक निघाली. सगळ्यांच्या पुढे सरांनी आबांनाच वाजवायला लावलं, त्यांच्या मागे आम्ही तिघे पट्टेवाले. मी हात हलवत होतो. फोटोवाला सांगत होता, सर स्माइल, सर स्माइल. माझ्या समोर आबांची पाठ, घामाने भिजलेला शर्ट. पूर्ण फेरीभर मला एवढंच दिसत होतं. मी हसत होतो. त्या दिवसाचे फोटो आजही माझ्याकडे आहेत. सगळ्यांत माझे दात दिसतात.

फेरी संपली. पथकातली पोरं पुढच्या सोफ्यांवर बसली, त्यांना थंड ज्यूस आला. त्यांनीही वाजवलंच होतं. मागे फक्त आबांना पाठवलं. हात धुवायच्या नळाशेजारी, केटरिंगच्या माणसांत.

मुलगी माझ्याकडे आली. “बाबा, व्हाय इज आजोबा सिटिंग देअर?”

“नंतर सांगतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. एक प्लेट घेतली आणि जाऊन आबांशेजारी फरशीवर बसली.

स्टेजवर आम्हा तिघांचे परिचय वाचले गेले. माझा शिरीष सरांनी वाचला. “वडील संगीत शिक्षक. घरातूनच कलेचा वारसा.” टाळ्या पडल्या. मी मागे पाहिलं. नळाजवळ आबा उभे राहिले होते. हातातली प्लेट खाली ठेवून तेही टाळ्या वाजवत होते.

तिथे माझं काहीतरी तुटलं. मी सरांच्या हातातून माइक घेतला.

“हे खोटं आहे. मी लिहिलंय. माझे वडील शिक्षक नव्हते. आम्ही मातंग. हलगी वाजवून त्यांनी मला शिकवलं. मघाशी सरांनी विचारलं, ओळखतोस का. मी नाही म्हणालो. ते बघा, नळाजवळ उभे आहेत. ते माझे वडील.”

कुणी टाळी वाजवली नाही. शिरीष सर खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “अरे, आधी सांगायचंस ना. पुढे बसवलं असतं त्यांना.”

मी त्यांचा हात काढला. “माझा बाप नसता तर मागेच बसवलं असतं ना, सर?”

“तू उगाच मूड घालवू नकोस. जात-बित इथे कोण मानतं?”

मी पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि खाली उतरलो.

शारजाच्या रस्त्यावर नेहमीचा जाम होता. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. मला वाटत होतं, आबा काहीतरी बोलतील. बरं केलंस म्हणतील. लाज वाटते सांगायला, पण मी त्याची वाट बघत होतो.

घर जवळ आल्यावर आबा म्हणाले, “हॉस्टेलाच्या गेटावर बी तू असंच बोल्ला हुतास. म्या टाकीमागं हुतो. ऐकू आलं हुतं.”

आठवड्याने ते गावी गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी त्यांची माफी मागितलेली नाही. मागितली तर आबा लगेच देतील, म्हणूनच मागत नाही. इतक्या सहज सुटायचा मला अधिकार नाही.

शिरीष सरांचा मेसेज आला होता. “खलास यार, झालं गेलं. पुढच्या वर्षीही तूच लीडर.” मी उत्तर दिलं. माझ्या परिचयात वडिलांचा व्यवसाय हलगीवादन असा दुरुस्त करून सगळ्या ग्रुपला पाठवा. पट्टा मला नको. पुढच्या वर्षी जो कुणी वाजवायला येईल तो पहिल्या रांगेत बसेल. तो कुणाचा बाप आहे हे न विचारता. नाहीतर मी आत येणार नाही. गेटवर उभा राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, मागच्या वर्षी इथे काय झालं. तुम्ही काय केलंत, आणि मी काय केलं.

दुरुस्ती अजून गेलेली नाही. मी दर शुक्रवारी तोच मेसेज पुन्हा पाठवतो.